रिकाम्या खाटेची किंमत

काही वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्यात इंग्लंडमध्ये मुलीकडे राहायला गेलो होतो. एका पहाटे दारासमोरच्या गोठलेल्या दंवावरून पाय घसरून पडलो आणि उजवे मनगट मोडले. सकाळी सातच्या सुमारास जवळच्या सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात शिरलो, तो हाताला प्लॅस्टर घालून दुपारी चारनंतर बाहेर पडलो. या नऊ तासांत माझ्याकडे कोणीही एक पैसा मागितला नाही. पुढील उपचारांसाठी परदेशी पाहुण्याकडून तेथे आकारणी होते. परंतु अपघात विभागाचा दरवाजा आजही सर्वांना विनामूल्य उघडा आहे. अनामत रक्कम भरल्याशिवाय स्ट्रेचर न हलण्याचा अनुभव ज्यांच्या गाठीशी आहे, त्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट अद्भुतच वाटावी.

पण त्याच नऊ तासांत आणखी एक गोष्ट पाहिली. माझ्यासमोरच्या बोळात भिंतीला लावून सात स्ट्रेचर ओळीने उभी होती आणि त्यांवर माणसे होती. त्यांची तपासणी झालेली होती, दाखल करून घेण्याचा निर्णयही झालेला होता. फक्त वर वॉर्डात खाट रिकामी नव्हती. एक वृद्धा आपल्या नवऱ्याच्या उशाशी उभी होती. तिला बसायला खुर्ची मिळाली ती दुपारी. त्या बोळातून सारखी येजा करणारी एक तरुण परिचारिका प्रत्येक फेरीत प्रत्येकाची क्षमा मागत होती. तिच्या चेहऱ्यावरचा थकवा मी विसरू शकलेलो नाही.

उजवा हात गळ्यात बांधून घरी बसण्याची पाळी आल्यावर वेळ कसा घालवायचा हा प्रश्न होता. मुलीने ‘कॅज्युअल्टी’ या मालिकेच्या अगदी पहिल्या वर्षाचे, म्हणजे १९८६ सालचे भाग मिळवून दिले. दूरचित्रवाणीच्या मालिका हा माझा प्रांत नव्हे. तथापि हे पंधरा भाग पाहताना, चार दशकांपूर्वी कोणीतरी मी पाहिलेल्या त्या बोळाचीच पूर्वसूचना देऊन ठेवली होती असे सारखे वाटत राहिले. म्हणून हा लेखनप्रपंच.

‘कॅज्युअल्टी’चा पहिला भाग ६ सप्टेंबर १९८६ रोजी, शनिवारी, बीबीसीवरून प्रक्षेपित झाला. होल्बी नावाच्या काल्पनिक शहरातील रुग्णालयाचा अपघात विभाग हे तिचे स्थळ. चित्रण मात्र ब्रिस्टलमध्ये होत असे. जेरेमी ब्रॉक आणि पॉल अन्विन हे तिचे जनक. ब्रिस्टलच्या खऱ्याखुऱ्या अपघात विभागात जाऊन, तेथील कर्मचाऱ्यांशी बोलून त्यांनी ही कल्पना रचली. चार्ली फेअरहेड हा परिचारक तर तेथील एका प्रत्यक्ष परिचारकावरूनच घडवलेला आहे. डेरेक थॉम्प्सन या नटाने ती भूमिका त्या पहिल्या भागापासून धरली आणि मार्च २०२४ मध्ये सोडली. एवढ्या अवधीत ब्रिटनने नऊ पंतप्रधान पाहिले! जगातील सर्वांत दीर्घकाळ चाललेली प्राइम-टाइम रुग्णालयीन मालिका अशी तिची ख्याती झाली आहे. पुढील वर्षांत ती बरीचशी प्रेमप्रकरणांकडे आणि आतषबाजीकडे झुकली. पहिल्या वर्षाचा बाज मात्र निराळा होता.

या पहिल्या वर्षाचा नायक चार्ली नव्हे. युअर्ट प्लिमर हे ज्येष्ठ डॉक्टरही नव्हेत. नायक आहे रात्रपाळी. अख्खे कथानक रात्रीच्या पाळीत घडते. दारू पिऊन पडलेले, मारामारीत फुटलेले, एकाकीपणाला कंटाळून गोळ्या खाल्लेले आणि कुठेच जायला जागा नाही म्हणून दिव्याच्या उजेडाकडे आलेले, असे सगळे या पाळीच्या वाट्याला येतात. आणि या पाळीवरच बंद होण्याचे सावट आहे. रात्री रुग्ण कमी येतात, कर्मचारी मात्र ठेवावे लागतात; तेव्हा हा खर्च परवडत नाही, असा व्यवस्थापनाचा हिशेब. पहिल्या भागाचे नाव आहे ‘गॅस’ आणि शेवटच्या, पंधराव्या भागाचे नाव आहे ‘क्लोजर’, म्हणजे बंद करणे. या दोन नावांच्या दरम्यान त्या काळच्या ब्रिटनचे सगळे राजकारण येऊन जाते.

हे राजकारण लेखकांनी लपविलेही नव्हते. मालिकेच्या मूळ आराखड्याच्या आरंभीच, १९४८ साली जन्मलेल्या एका स्वप्नाच्या १९८५ पर्यंत चिंध्या झाल्या आहेत, अशा आशयाची खंत त्यांनी नोंदवली होती. साहजिकच सत्ताधारी हुजूर पक्षाच्या गोटातून ही मालिका डावीकडे झुकलेली असल्याची ओरड झाली. बीबीसी जाहिरातींवर जगत नव्हती. प्रेक्षकांच्या परवाना शुल्कावर चालणारी ती सार्वजनिक संस्था होती. एका सार्वजनिक संस्थेने दुसऱ्या सार्वजनिक संस्थेची दैना शनिवारी रात्री घरोघर दाखवावी, हे खासगीकरणाची दीक्षा घेतलेल्या सरकारला कसे रुचावे?

त्या दिवसांत काय चालले होते ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. १९७९ साली श्रीमती थॅचर सत्तेवर आल्या. १९८३ साली रुग्णालयांतील सफाई, धुलाई आणि स्वयंपाक या कामांसाठी स्पर्धात्मक निविदा मागवण्याचा आदेश निघाला. त्याच वर्षी सेन्सबरी या किराणा दुकानांच्या प्रचंड साखळीचे व्यवस्थापक रॉय ग्रिफिथ्स यांना आरोग्यसेवेच्या कारभाराची तपासणी करण्यास सांगण्यात आले. त्यांचा एक निष्कर्ष पुढे फार गाजला. फ्लॉरेन्स नाइटिंगेल आज दिवा घेऊन फिरू लागली, तर इथे जबाबदार कोण याचाच शोध तिला घ्यावा लागेल, असा त्याचा मथितार्थ. निष्कर्ष सर्वस्वी चुकीचा होता असे मी म्हणणार नाही. मोठ्या संस्थेत जबाबदारी नेमकी असावी हे कोण नाकारील? पण ग्रिफिथ्स यांच्या शिफारशीनुसार जे महाव्यवस्थापक आले, त्यांच्याबरोबर दुकानदारीचा हिशेबही आला. फळीवर पडून राहिलेला माल म्हणजे अडकलेले भांडवल. तसेच रिकामी खाट आणि रुग्णाची वाट पाहत बसलेली परिचारिका म्हणजे वाया गेलेला पैसा. होल्बीची रात्रपाळी याच न्यायाने गुन्हेगार ठरते.

येथे मला एक कबुली द्यावयाची आहे. अर्थशास्त्राचा अध्यापक म्हणून मीही वर्षानुवर्षे विद्यार्थ्यांना हेच शिकवीत आलो. न वापरलेली उत्पादनक्षमता म्हणजे अपव्यय, हे सूत्र फळ्यावर किती वेळा लिहिले असेल याची गणती नाही. साखर कारखान्याला किंवा सूतगिरणीला ते बव्हंशी लागू पडते, कारण कच्चा माल केव्हा आणि किती येणार हे तेथे ठरवता येते. अपघात विभागाचे तसे नाही. माणसाने केव्हा पडावे, छातीत केव्हा कळ यावी, याचे वेळापत्रक नसते. अशा ठिकाणी निर्माण होणारी वस्तू म्हणजे नुसता उपचार नव्हे. सज्जता हीच तेथली मुख्य वस्तू. गावात वर्षभर आग लागली नाही म्हणून अग्निशामक दलाचा पगार फुकट गेला असे आपण म्हणत नाही. पहाटे तीन वाजता चहाचा पेला हातात घेऊन बसलेली होल्बीतील परिचारिका त्या क्षणीसुद्धा शहराच्या उपयोगी पडतच असते. झोपलेले शहर तिच्या जागेपणाच्या भरवशावर झोपलेले असते.

हा केवळ भावनेचा मुद्दा नाही; साधा गणिताचा आहे. एकच खिडकी आहे आणि माणसे आपापल्या गरजेप्रमाणे, आगाऊ न ठरवता तिच्यापाशी येत आहेत असे समजा. खिडकी ८० टक्के वेळ गुंतलेली असेल, तर तेथे सरासरी ४ माणसे आढळतात. ती ९० टक्के गुंतली की ९ माणसे होतात. ९५ टक्के गुंतली की १९. म्हणजे काम सुमारे १९ टक्क्यांनी वाढले, पण गर्दी जवळजवळ पाचपट झाली! रुग्णालय हे एका खिडकीपेक्षा पुष्कळ गुंतागुंतीचे असते हे खरे; परंतु तत्त्व तेच. १९९९ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार सरासरी ८५ टक्क्यांहून अधिक खाटा भरलेल्या राहू लागल्या की धोका जाणवू लागतो, आणि ९० टक्क्यांच्या पुढे तर खाटांची टंचाई हे नेहमीचेच दुखणे होते. जमाखर्चाच्या वहीत ज्याला काटकसर म्हणतात, तिचेच नाव बोळात रांग असे असते.

आता पुढचा इतिहास पाहा. पहिल्या वर्षाचे भाग संपल्याला वर्ष होते न होते तोच, डिसेंबर १९८७ मध्ये, ब्रिटनमधील तीन मान्यवर वैद्यकीय महाविद्यालय-संस्थांच्या अध्यक्षांनी एकत्र येऊन आरोग्यसेवा कोलमडण्याच्या बेतात असल्याचा जाहीर इशारा दिला. सरकारने १९८८ च्या आरंभी फेरतपासणी जाहीर केली, पण तिच्यातून निघाला तो बाजार! १९९० चा कायदा होऊन १९९१ पासून आरोग्यसेवेतच खरेदीदार आणि विक्रेते असे दोन तट पाडण्यात आले. पुढे मजूर पक्षाच्या राजवटीत पैसा वाढला, हे मान्य केले पाहिजे. अपघात विभागात चार तासांच्या आत रुग्णाची व्यवस्था लागावी असे बंधन घातले गेले आणि काही वर्षे ते बऱ्याच अंशी पाळलेही गेले. परंतु खाटा घटतच राहिल्या. १९८७-८८ मध्ये इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयांत सुमारे २ लाख ९९ हजार खाटा होत्या. २०१९-२० मध्ये त्या सुमारे १ लाख ४१ हजार उरल्या.

यावर प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, शस्त्रक्रिया आता एका दिवसात होतात, मनोरुग्णांना आयुष्यभर कोंडून ठेवण्याची पद्धत गेली, तेव्हा खाटा कमी होणारच. यात तथ्य आहे, आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण खाटा कमी करताना घरी राहणाऱ्या वृद्धांची शुश्रूषा करणारी व्यवस्था त्याच प्रमाणात वाढवावयास हवी होती. २०१० नंतरच्या काटकसरीच्या काळात स्थानिक संस्थांची अनुदाने कापली जाऊन ती व्यवस्था उलट खालावली. बरा झालेला म्हातारा वॉर्डातून हलवता येत नाही, म्हणून आजारी म्हातारा बोळातून वर नेता येत नाही. चार तासांची अट ९५ टक्के रुग्णांपुरती शिथिल केल्यानंतरही इंग्लंडमध्ये ती जुलै २०१५ नंतर एकाही महिन्यात पूर्ण झालेली नाही. जानेवारी २०२५ या एका महिन्यात, दाखल करण्याचा निर्णय झाल्यानंतर १२ तासांहून अधिक काळ ताटकळलेल्या रुग्णांची संख्या ६० हजारांच्या वर गेली. होल्बीची रात्रपाळी कागदावर कोणी बंद केली नाही. तिच्यामागची खाट काढून घेतली, एवढेच.

‘परवडत नाही’ ही हाकाटीही काही नवी नाही. ॲन्यूरिन बेव्हन या खाणकामगाराच्या मुलाने, जो स्वतःही कोळशाच्या खाणीत राबला होता, ५ जुलै १९४८ रोजी ही सेवा सुरू केली तेव्हापासून ती चालूच आहे. आजारपणाच्या दुःखात पैशाच्या भीतीची भर पडू नये, हा बेव्हन यांचा ध्यास. तीनच वर्षांत चष्मे आणि कवळ्या यांवर आकार बसवण्याचे ठरले तेव्हा ते मंत्रिपद सोडून बाहेर पडले. सेवेचा खर्च बेसुमार वाढतो आहे, या आरोपाची चौकशी करण्यासाठी हुजूर सरकारने १९५३ साली गिलबॉ समिती नेमली. ब्रायन एबल-स्मिथ आणि रिचर्ड टिटमस या दोन अभ्यासकांनी तिच्यासाठी हिशेब मांडला, आणि आरोप करणाऱ्यांचीच पंचाईत झाली. एकूण राष्ट्रीय उत्पादनाशी या सेवेच्या खर्चाचे प्रमाण १९४९-५० मध्ये ३.७५ टक्के होते, ते १९५३-५४ मध्ये ३.२५ टक्क्यांवर उतरले होते! आकडे सरळ मांडले की ते नेहमीच तिजोरीच्या रखवालदारांची बाजू घेतात असे नाही, हे आम्हा अर्थशास्त्राच्या लोकांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

मात्र या मालिकेवर माझे दोन आक्षेप आहेत.

पहिला असा, की चार्ली, मेगन आणि डफी ही माणसे फार चांगली आहेत. पाळी संपली तरी ती घरी जात नाहीत. चहा थंड होतो, संसार विस्कटतात, पण रुग्ण वाचतो. प्रेक्षकाला गहिवरून येते आणि तो दूरचित्रवाणी संच बंद करून निश्चिंत झोपतो. अशी माणसे आहेत तोवर काही बिघडणार नाही, असा दिलासा त्याला नकळत मिळतो. वस्तुतः या चांगुलपणाचा अर्थ अर्थशास्त्राच्या भाषेत असा की, सरकारने जो खर्च करावयाचा तो परिचारिका आपल्या झोपेतून आणि आरोग्यातून भरून काढते आहे. हे तिने सरकारी खजिन्याला दिलेले अनुदानच आहे. ते अर्थसंकल्पात कोठेही दाखवले जात नाही. डिसेंबर २०२२ मध्ये ब्रिटनमधील परिचारिकांच्या संघटनेने आपल्या शंभराहून अधिक वर्षांच्या इतिहासातील सर्वांत मोठा संप केला, तेव्हा अनेक सज्जनांना धक्का बसला. मला मात्र वाटते की, हे अनुदान यापुढे मिळणार नाही एवढेच त्यांनी कळवले.

दुसरा आक्षेप आपल्याशी संबंधित आहे. होल्बीच्या त्या पाळीत मेगन आयरिश आहे, क्लाइव्ह कृष्णवर्णीय आहे, रुग्णांना इकडून तिकडे नेणारा कूबा पोलिश आहे. ब्रिटनची ही सेवा परदेशांतून आलेल्या माणसांच्या खांद्यावर उभी राहिली, हे सत्य लेखकांनी अचूक टिपले. परंतु प्रमुख पात्रांत भारतीय डॉक्टर एकही नाही. १९८६ साली ब्रिटनच्या रुग्णालयांत असे डॉक्टर जागोजाग होते. मुंबई-पुण्याच्या कितीतरी घरांतला एखादा मुलगा किंवा भाचा त्यांत होता. जेथे स्थानिक डॉक्टर जाण्यास नाखूश असत त्या शाखा आणि ती गावे त्यांच्या वाट्याला आली. १९७५ साली तेथील वैद्यक परिषदेने भारतीय पदव्यांची सरसकट मान्यता काढून घेतली, तरी ओघ थांबला नाही. गरीब देशाने आपल्या करांतून डॉक्टर घडवावा आणि श्रीमंत देशाने तो आयता वापरावा, हेही एक अनुदानच, आणि तेही कोणत्या ताळेबंदात दिसत नाही. माझ्या हाताला प्लॅस्टर घालणारी परिचारिका केरळची होती.

आपला संबंध एवढ्यावर संपत नाही. बेव्हन यांच्या सेवेच्या दोनच वर्षे आधी, १९४६ साली, सर जोसेफ भोर यांच्या समितीने हिंदुस्थानसाठी आपला अहवाल सादर केला होता. तिच्या परदेशी सल्लागारांत ऑक्सफर्डचे जॉन राइल होते. ब्रिटनमधील त्या काळच्या विचारमंथनाचे वारे तिच्यापर्यंत पोहोचले होते. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही पुरेशा उपचारांपासून वंचित राहू नये, हे तिचे पहिले सूत्र होते. तेव्हा इंग्लंड-वेल्समध्ये दर हजार लोकांमागे सुमारे ७ खाटा होत्या आणि आपल्याकडे ०.२४, म्हणजे पाव खाटही नव्हती. सूत्र दोन्ही देशांनी एकाच सुमारास मांडले. त्यांनी ते अमलात आणले आणि आता ते हळूहळू पोखरले जात असल्याचे ते पाहत आहेत. आपण अहवाल कपाटात ठेवला आणि तहान लागल्यावर विहीर खणण्याची वहिवाट चालू ठेवली. तेव्हा तेथील बोळ पाहून ‘बघा, सरकारी सेवा अशीच चालायची’ असे म्हणणाऱ्या आपल्याकडील खासगीकरणवाद्यांनी फार हर्षून जाऊ नये. तो बोळ सरकारी सेवेने निर्माण केलेला नाही; ती सेवा दुकानासारखी चालवण्याच्या हट्टाने तो निर्माण केला आहे. आणि इतके होऊनही, त्या बोळात पडलेल्या एकाही माणसाला घर गहाण ठेवावे लागलेले नव्हते.

आपल्याकडे यापुढे एखाद्या जिल्हा रुग्णालयाच्या अंदाजपत्रकावर चर्चा निघेल, तेव्हा ‘खाटा पूर्ण क्षमतेने वापरल्या जातात’ हे वाक्य कौतुकाने वाचले जाईल. त्या वेळी एवढेच विचारावे: रात्री दोन वाजता एक माणूस जास्तीचा आला, तर तो कोठे झोपेल? या प्रश्नाचे उत्तर ज्या अंदाजपत्रकात नाही ते काटकसरीचे नव्हे, अपुरे अंदाजपत्रक होय. त्या दिवशी बोळातून फिरणारी ती तरुण परिचारिका प्रत्येकाची क्षमा मागत होती. अपराध तिचा नव्हता. रिकामी खाट परवडत नाही असा हिशेब करणारे लोक त्या बोळात नव्हते, आणि क्षमा मागावयाची होती ती त्यांनी.